‘आई, तू आता मर’ : राजकन्यांच्या खेळात आईबाप कुठे जातात

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेपाच वर्षांची. रोज संध्याकाळी आईची ओढणी कमरेला गुंडाळून ती राजकन्या होते आणि खेळ सुरू करण्याआधी आईला बजावते, ‘आई, तू आता मर. मग मी प्रिन्सेस.’ जानेवारीत वाढदिवस आहे. केक, फ्रॉक, दप्तर, पाण्याची बाटली, सगळं राजकन्येचंच हवं. सासूबाई म्हणतात, असलं अभद्र त्या कार्टूनमधून येतं, बंद करा. नवरा म्हणतो, लहान आहे, सोडून दे. ताई विचारतात, बंद करू की सोडून देऊ?

ताई, मला दोन्ही पटत नाही. बालवाडी ते चौथीच्या मुलांना चित्रपट दाखवायचे आणि त्यांच्याशी त्यावर बोलायचं हे माझं रोजचं काम आहे. त्या कामात हे वाक्य नवीन नाही. तुमच्या लेकीने एक गोष्ट अगदी अचूक हेरली आहे: डिस्नेच्या या राजकन्यांच्या गोष्टींमध्ये आई नसली की राजकन्येची गोष्ट सुरू होते. ती नियम पाळते आहे. नियम कुठून आला हे तुम्हाला कळलं की काय करायचं ते सोपं होतं. यात दोन वेगळ्या गाठी आहेत. गोष्टीतून आईबाप जातात ते एका कारणाने आणि दप्तरावरून जातात ते दुसऱ्याच कारणाने. म्हणून उपायही वेगवेगळे.

आधी, परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. घरात किंवा शेजारी अलीकडे कोणी गेलं असेल, तुम्ही आजारी असाल, नवरा-बायको वेगळे राहत असाल, तर पुढचं सगळं जरा हलक्या हाताने घ्या. खेळाच्या बाहेर, जेवताना किंवा झोपताना ती पुन्हापुन्हा ‘तू मरणार का?’ विचारत असेल, रात्री दचकून उठत असेल, शाळेच्या दारात तुम्हाला सोडत नसेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर चित्रपटाचा विषय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना भेटा. यातलं काही नसेल तर घाबरू नका. मरण म्हणजे कायमचं जाणं, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होते. साडेपाच वर्षांच्या मुलीचं ‘मर’ म्हणजे बहुतेक वेळा ‘जरा बाजूला हो’ एवढंच असतं.

आता गोष्टीतली गाठ. एक निरोप फोनवर फिरत असतो: डिस्ने कंपनीचे संस्थापक वॉल्ट डिस्ने यांची आई त्यांनीच घेऊन दिलेल्या घरात वायूगळतीने गेली, त्या दुःखातून त्यांच्या चित्रपटांत आया नसतात. ती दुर्घटना खरी आहे, पण ती नोव्हेंबर १९३८ मधली. स्नो व्हाइट डिसेंबर १९३७ मध्येच पडद्यावर आली होती आणि तिला सख्खी आई नव्हती. कारण आणखी जुनं आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आईच आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. म्हणजे ‘सावत्र’ हा शब्द मागाहून घातला गेला. आईची प्रतिमा सांभाळण्यासाठी सगळा दोष सावत्र आईवर गेला. आपल्याकडेही ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवणारी सुरुची आहे, आणि आटपाट नगरात राजाला एक आवडती आणि एक नावडती अशा दोन राण्या असतातच.

दुसरं कारण निव्वळ कारागिरीचं. ऐंशी-नव्वद मिनिटांच्या चित्रपटात नायिकेला स्वतः निर्णय घ्यायला लावायचं असेल, तर तिच्या वतीने निर्णय घेणारं माणूस दूर करावं लागतं. शहाणी आई घरात असती तर सिंड्रेला राखेत बसली नसती आणि ‘द लिटल मरमेड’मधल्या जलपरी एरियलने जादूगारणीच्या करारावर सही केली नसती. आई गेली हे सांगायला एक वाक्य पुरतं. जिवंत, प्रेमळ, समंजस आई ठेवूनही गोष्ट पुढे नेणं हे लेखकाचं खरं कठीण काम, आणि बराच काळ ते टाळलं गेलं.

सगळ्या राजकन्या एका माळेत ओवू नका, कारण तुमची निवड इथेच होणार आहे. स्नो व्हाइट आणि १९५० ची सिंड्रेला या दोघींना आईबाप जवळजवळ नाहीतच. सिंड्रेलाचे वडील तर सुरुवातीच्या निवेदनातच जातात. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’तल्या ऑरोराला आईवडील दोघे आहेत, पण सोळा वर्षं तिला तीन पऱ्या जंगलात वाढवतात. मग १९८९ ते १९९५ हा बापांचा काळ येतो. एरियलला ट्रायटन, ‘ब्युटी अँड द बीस्ट’मधल्या बेलला मॉरिस, ‘अलादीन’मधल्या जास्मिनला सुलतान, पोकाहोंटासला पोव्हाटन, आणि चौघींनाही त्या गोष्टीत जिवंत आई नाही. बाप तरी कसे? ट्रायटन रागाच्या भरात लेकीचा खजिना फोडून टाकतो, मॉरिस आणि सुलतान भोळे आहेत, त्यांना लेकीनेच सांभाळायचं. मूलान (१९९८) इथे वेगळी पडते. तिला आई, वडील, आजी सगळे आहेत आणि ती घर सोडते तीच मुळी लंगड्या वडिलांना युद्धावर जावं लागू नये म्हणून. शेवटी ती बादशहाने दिलेलं मानचिन्ह वडिलांपुढे धरते, तर ते बाजूला टाकून आधी तिला मिठी मारतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर हे दृश्य दोनदा पाहावं असं आहे.

पुढच्या काळात चित्र मिसळलेलं आहे. टियानाचे (‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’, २००९) वडील गेले आहेत, पण आई युडोरा शिवणकाम करणारी, खंबीर आणि बोलकी आहे. रॅपुन्झेलचे (‘टँगल्ड’, २०१०) आईवडील जिवंत आहेत, पण अख्ख्या चित्रपटात त्यांच्या तोंडी शब्द नाही. हरवलेल्या लेकीसाठी आकाशात दिवे सोडण्याआधी राणी राजाच्या गालावरचा अश्रू पुसते, तेवढ्यात त्यांचं सगळं दुःख सांगून टाकलं आहे. मेरिडा (‘ब्रेव्ह’, २०१२) मात्र सबंध आई-लेकीचीच गोष्ट आहे. भांडण आईशी, चूक लेकीची, आणि दुरुस्ती दोघींनी मिळून करायची. एल्सा आणि अॅना या बहिणींचे (‘फ्रोझन’, २०१३) आईवडील पहिल्या दहा-बारा मिनिटांत जहाजाबरोबर बुडतात. मोआनाला (२०१६) आईवडील आणि आजी आहेत. वडील अडवतात, पण ती रात्री निघते तेव्हा आई मुकाट्याने तिचं सामान बांधायला हात लावते. आजी त्याच रात्री जाते, तेही लक्षात ठेवा.

आई नसण्याचा आणखी एक परिणाम सहसा नजरेतून सुटतो. नायिकेशी बोलायला दुसरी बाई फारशी उरत नाही. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहाउअर या भाषाअभ्यासकांनी २०१६ मध्ये या चित्रपटांतले संवाद मोजून दाखवले. एरियलच्या चित्रपटात ६८ टक्के बोलणं पुरुष पात्रांचं, बेलच्या ७१ टक्के, जास्मिनच्या तब्बल ९० टक्के. खेकडा, मेणबत्तीदान, घड्याळ, दिव्यातला जिन, सगळे पुरुषच. मेरिडाच्या चित्रपटात आई मध्यभागी आली आणि ७४ टक्के बोलणं स्त्रियांकडे आलं. राजकन्या नावाला नायिका आणि बोलतात इतरच, हे मुलींनाही जाणवतं. पाहून झाल्यावर ‘सगळ्यात जास्त कोण बोललं?’ एवढंच विचारून बघा.

दुसरी गाठ बाजाराची. डिस्नेच्या ग्राहकवस्तू विभागात अँडी मूनी २००० सालाच्या सुमारास आले. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात बर्फावरच्या एका कार्यक्रमाच्या रांगेत त्यांना राजकन्या झालेल्या मुली दिसल्या, आणि त्यांचे कपडे कंपनीचे नव्हते. तिथून वेगवेगळ्या चित्रपटांतल्या नायिका एकाच नावाखाली विकायची कल्पना निघाली. २००१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर असलेली विक्री २००६ पर्यंत ३०० कोटी डॉलरवर गेली. नायिका आपल्या गोष्टीतून उचलून एका रांगेत उभ्या केल्या की गोष्ट मागे राहते, आणि गोष्टीबरोबर आईबापही. मालावर मुलीला ‘मी ही’ असं म्हणता आलं पाहिजे. मेरिडाची आई राणी एलिनॉर किंवा बेलचे वडील मॉरिस होण्यासाठी कोणी पोशाख मागत नाही, म्हणून त्यांची चित्रं बाटलीवर नसतात. आईची भूमिका बाजाराच्या हिशोबात आधीच ठरलेली आहे. ती पैसे देणारी.

दप्तरावर किंवा डब्यावर चार-सहा राजकन्या एकत्र असतील तर त्यांच्या नजरा बघा. सुरुवातीपासून असा दंडक होता की एकत्र चित्रात त्यांनी एकमेकींकडे पाहायचं नाही. प्रत्येकीचं जग वेगळं, ते मिसळू नये हा त्यामागचा विचार. परिणाम असा की आई नाही, बाप नाही आणि शेजारी उभी असलेली मैत्रीणही नाही. हा खेळ लेकीबरोबर दुकानातच खेळा: ‘सांग, कोण कोणाकडे बघतंय?’ पाच वर्षांची मुलगी दोन मिनिटांत उत्तर शोधते आणि मग प्रत्येक डब्यावर शोधत बसते. असं बारकाईने बघायची सवय लागणं मला लांबलचक समजावण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

कपड्यांतही गोष्ट गळते. ऑरोरा चित्रपटात राजवाड्यात येते ती निळ्या पोशाखात, मालावर ती गुलाबी असते. सिंड्रेलाचा रुपेरी झगा मालावर निळा होतो. मूलानचं चिलखत जाऊन तिला बहुधा त्याच पोशाखात छापतात, ज्यात ती लग्न जुळवणाऱ्या बाईसमोर अवघडून बसली होती. २०१३ मध्ये मेरिडाला या रांगेत घेताना तिची कंबर बारीक केली, केस विंचरले आणि धनुष्य काढून टाकलं. ते चित्र बाहेर आल्यावर दोन लाखांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. आपल्या लेकीकडे पाहून ही नायिका रचणाऱ्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनीही जाहीर नाराजी दाखवली. आणि एक: एल्सा अधिकृत राजकन्यांच्या यादीत नाहीच, तिचा माल वेगळ्या नावाने विकला जातो. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तुम्हाला एल्सा, बार्बी आणि सिंड्रेला एकाच फुग्यावर भेटतील. तो परवान्याशिवायचा माल. लहान मुलीला त्याने फरक पडत नाही, पण खेळणं असेल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. वास येणारा मऊ प्लास्टिकचा मुकुट आणि सुटणारी चमकी घेऊ नका. जत्रेला निघण्याआधी घरीच ‘एक वस्तू’ ठरवा, तिथे जाऊन ठरवलं तर रडारड ठरलेली.

मग करायचं काय? चित्रपट बंद करू नका, क्रम बदला. पहिल्या महिन्यात मोआना आणि मूलान, मग टियाना, मेरिडा नंतर. मेरिडात आई अस्वल होते आणि दुसरं एक खुनशी अस्वलही आहे, म्हणून ते दुपारी बघा, झोपायच्या आधी नको. एका बैठकीत २५ ते ३० मिनिटं, म्हणजे एक चित्रपट तीन-चार दिवसांत. हिंदी भाषांतर चालेल, पण थांबवून बोलायचं ते तुमच्या घरच्या बोलीत. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: ‘आत्ता तिची आई काय करत असेल?’ पडद्यावर आई नसली तरी विचारा. उत्तर काहीही येऊ द्या. इथे पालकांची नेहमीची चूक म्हणजे ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारणं. परीक्षा आली की मूल गप्प बसतं.

आईबाप जाण्याचं दृश्य पळवू नका. पळवलं तर एल्सा पुढे का घाबरते, अॅना दारावर का टकटक करते, यातलं काहीच कळत नाही. शिवाय मुलीला एवढं नक्की कळतं की आईला काहीतरी लपवायचं होतं. लपवलेली गोष्ट मनात मोठी होते. त्यापेक्षा मांडीवर घेऊन बघा, थांबवा, आणि ‘त्यांचं जहाज बुडालं, मुली एकट्या पडल्या’ इतक्या साध्या शब्दांत सांगा.

घरात, नात्यात किंवा तिच्या वर्गात कुणाला सावत्र आई असेल तर गोष्ट सांगताना ‘सावत्र आई’ ऐवजी ‘दुष्ट राणी’ म्हणा. त्याने गोष्टीचं काही अडत नाही, कारण तो शब्द १८१९ मध्ये घातलेला आहे, आपण काढू शकतो. रात्रीच्या गोष्टींत अहिल्यादेवींनाही आणा. आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव तिने वाचलेलं असेल. लेकीला लिहायला-वाचायला शिकवणारे माणकोजी शिंदे आणि सुनेला कारभार शिकवणारे मल्हारराव, ही वडीलधारी माणसं त्या गोष्टीत आहेत. फक्त ‘त्या खोट्या राजकन्यांपेक्षा ही खरी बघ’ असं म्हणू नका. स्पर्धा लावली की मुलगी आवडत्या राजकन्येची बाजू घेते आणि अहिल्यादेवी शाळेतल्या धड्यासारख्या होतात.

वाढदिवसाचा फ्रॉक विकत घेण्यापेक्षा शिवून घ्यावा असं माझं मत, आणि तो शिवण्यात तिला बसवावं. चाटी गल्लीत कापड घ्यायला तिला न्या. नवी पेठेतल्या तयार ‘बार्बी फ्रॉक’ची अडचण कमरेला असते. नेटची कापलेली कड आतून टोचते आणि अर्ध्या तासात मूल फ्रॉक काढून टाकतं. साडेपाच वर्षांच्या सरासरी बांध्याला, ४४ इंच पन्ह्याचं साटीन दीड मीटर, मऊ सुती अस्तर दीड मीटर आणि नेटचे दोन थर द्यायचे तर नेट दोन मीटर, एवढं पुरतं. तरी माप टेलरकडून घ्याच. घेराचे दोन तुकडे, उंची हेमसकट साधारण २० इंच. कमरेची शिवण सुती पट्टीने झाकायला सांगा. साटीनचे धागे सुटतात म्हणून आत पाऊण इंच माया आणि इंटरलॉक हवं. लांबी घोट्याच्या तीन-चार इंच वर ठेवा, नाहीतर पळताना पायात येतो. आणि नेट घातलेल्या मुलीला मेणबत्तीवर वाकू देऊ नका. नेट पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. केक लांब ठेवा, मेणबत्त्या तुम्ही धरा किंवा वगळाच.

वाढदिवसात आईबापांना परत आणायचा सोपा मार्ग म्हणजे आमंत्रणातच लिहायचं: प्रत्येक राजकन्येने किंवा राजपुत्राने आपल्या घरचं एक मोठं माणूस राणी, राजा, आजीसाहेब किंवा प्रधान करून आणावं. पोशाख नको, पुठ्ठ्याचा मुकुट पुरे. मुलगे आले तर त्यांनाही मुकुट मिळतो, नाहीतर ते कोपऱ्यात बसतात. दप्तर-बाटलीपैकी एकच वस्तू चित्राची घ्या. वर्षभरात आवड बदलते आणि दप्तर दोन वर्षं टिकतं, म्हणून चित्र बाटलीवर बरं.

हे सगळं राजकन्यांचं वेड मुलींना बिघडवतं का, असं सासूबाई विचारतील. सारा कॉइन या संशोधिकेच्या गटाने बालवाडीतल्या १९८ मुलांवर केलेल्या अभ्यासात (२०१६) राजकन्यांत जास्त रमणारी मुलं वर्षभराने ‘मुलींनी असंच वागावं’ अशा चौकटीत थोडी जास्त दिसली. त्याच मुलांना पाच वर्षांनी पाहिलं (२०२१) तेव्हा त्यांचे स्त्रियांविषयीचे विचार उलट अधिक मोकळे होते आणि स्वतःच्या शरीराविषयीही त्यांना बरं वाटत होतं. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्या घरांना जसाच्या तसा लावू नये. पण घाबरून टीव्ही बंद करावा असं त्यातून निघत नाही.

आता आजच्या संध्याकाळचं. ती ‘मर’ म्हणाली की रागावू नका, हसूही नका, आणि तोंडावर ओढणी घेऊन मेल्याचं सोंग तर बिलकुल करू नका. काही मुलं त्याने खरंच हादरतात. खेळाच्या आतूनच बोला: ‘राणीसाहेब पंढरपूरला निघाल्या. तोवर राज्य तुझ्याकडे.’ तिला हवी असलेली मोकळी जागा मिळते आणि आई गोष्टीत राहते. स्वयंपाकघरात जा, तुमचं काम करा, दहा मिनिटं मध्ये पडू नका. मग परत या आणि विचारा, ‘मी नसताना राज्यात काय झालं?’ येताना वाटीत चुरमुरे-बत्तासे घेऊन या. पहिले दोन-तीन दिवस ती म्हणेल, ‘नाही, तू मेलीच आहेस.’ तेव्हा दुसरी जागा सुचवा: राणी लढाईवर गेली, आजारी मावशीकडे गेली, तळ्यापलीकडच्या गावी गेली. साधारण आठवड्याभरात बहुतेक मुली राणीला कुठे पाठवायचं ते स्वतः ठरवू लागतात, आणि बाबा घरी असतील तर त्यांनाही कुठेतरी पाठवतात.